जोड

मिसबाहनं बोटाला सुई टोचली,
साखर बघितली. एकशे बारा.
"चालेल, काका."
मग शिशाच्या डब्यातून आणलेली दुसरी साखर
शिरेत सोडली. ही किरणं टाकणारी.
जिथं भूक जास्त, तिथं जाऊन बसणारी.
"आता तासभर बोलायचं नाही. मोबाईल नाही.
पाय हलवलात तर पायच खातील सगळी."

तासाचं मला काही नाही.
एकतीस वर्षं महापालिकेत गळती शोधली मी.
रात्री दोनला, लक्ष्मी रोडवरची शेवटची रिक्षा गेली की
लोखंडी सळई रस्त्याला टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
आणि श्वास धरून उभं राहायचं.
धड पाणी मुकाट जातं.
फुटलेलं बोलतं.
आणि फुटतं कुठं, तर जोडाशी. सरळ पाइप सहसा दगा देत नाही.

"उताणं झोपा," मिसबाह म्हणाली.
ती सहज म्हणाली.
दीड वर्षापूर्वी माझं पोट वर ओढून छातीत नेलंय,
त्याचीच नळी करून मानेपाशी जोडलीय.
तेव्हापासून तीन उशा, जवळजवळ बसूनच झोप.
सपाट झालो की कडू पाणी घशाशी,
उतार चुकलेल्या लाइनीसारखं.
वीस मिनिटं.
हौसानं सांगितलं होतं, आकडे मोज.
मी पर्वतीच्या टाकीतून निघालो,
स्वारगेटचा व्हॉल्व्ह, घोरपडे पेठेतला टी,
गंज पेठेत बारा इंची संपून आठ इंची लागते,
रामोशी गेटला पोचलो
तेवढ्यात टेबल मागं सरकलं. झालं.

लेकीला सातवा महिना.
त्या संध्याकाळी ती दारातूनच हसली.

तिसऱ्या दिवशी पाटणकर डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला.
करडा मी, आणि आत दिवे.
"मेंदू. हृदय. मूत्राशय. हे उजळणारच,
ही हक्काची गिऱ्हाइकं."
पेन मानेखाली थांबलं.
जोडापाशी ठिपका.
मोठा नाही. टीव्ही बंद केल्यावर
खाली उरतो, तेवढा.
"सूज असेल. मागच्या महिन्यात फुगवून रुंद केलं,
त्याचंही असेल. किंवा..."
पुढं बोलले नाहीत.
"दुर्बीण टाकून तुकडा घेऊ. मग तीन महिन्यांनी परत फोटो."
म्हणजे चाचणी खड्डा, मी म्हणालो.
त्यांना कळलं नाही. हसले मात्र.

जिन्यात हौसा भडकली.
"एवढे पैसे मोजून 'किंवा'?"

तिला कसं सांगू.
शुक्रवार पेठेत माझ्या शब्दावर रस्ता फोडला होता एकदा,
सहा फूट खाली कोरडी ठणठणीत माती.
इंजिनिअर महिनाभर बोलला नाही.
आणि भवानी पेठेत एका रात्री
काहीतरी होतं कानात, अगदी बारीक.
वाटलं डीपीची घरघर असेल.
वहीत लिहिलं, 'ठीक'.
चौथ्या दिवशी कांद्याचा टेम्पो मागच्या चाकापर्यंत खचला.
त्या 'ठीक'चं वळण अजून डोळ्यांपुढं आहे,
वेलांटी जरा लांब गेली होती.

'किंवा' म्हणणाऱ्याचा कान शाबूत असतो, हौसा.

घरी तिनं भाकरी दुधात कुस्करली.
वाटीभर. दिवसातून सहादा, वाटीभरच.
पहिला घास उतरला,
जोडापाशी आला,
थांबला.
मी हात वर केला.
मोरीत पातेलं घासत होती ती,
तिनं नळ बंद केला.
दोघंही ऐकत राहिलो.